लोखंड फोडणारं पाणी

सन १७८४. कॅनडातलं क्यूबेक शहर. हिवाळा असा कडाक्याचा, की श्वास सोडला तर मिशीवर बर्फ जमावा. तिथल्या ब्रिटिश तोफखान्यात एडवर्ड विल्यम्स नावाचे एक मेजर होते. त्यांनी तोफेचे पोकळ लोखंडी गोळे घेतले. एरवी या गोळ्यांत दारू ठासायची आणि ते शत्रूवर डागायचे. विल्यम्स यांनी दारूऐवजी त्यांत काठोकाठ पाणी भरलं, भोकात लोखंडी बूच हातोड्याने ठोकून बसवलं आणि गोळे बाहेर उघड्यावर ठेवून दिले.

ना दारू, ना वात, ना ठिणगी. तरीही धमाका झालाच! आतलं पाणी गोठलं आणि एका गोळ्याचं बूच उडून चारशे फुटांहून लांब जाऊन पडलं. मोठ्या माणसाने चालत जायचं म्हटलं तर दीडशेच्या वर पावलं टाकावी लागतील, इतकं लांब. मग काही गोळ्यांचं बूच त्यांनी असं पक्कं बसवलं की ते हलूच नये. तेव्हा काय झालं असेल? बूच जागेवर राहिलं आणि गोळाच तडकला. फटीतून बर्फाची पाळ बाहेर आलेली! जाड बिडाचा गोळा, युद्धात वापरायचा, आणि तो फोडला कुणी, तर आपण रोज पितो त्या पाण्याने. विल्यम्स यांचे हे प्रयोग १७९० साली एडिंबरोच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथात छापून आले.

हे सगळं मी तुम्हाला का सांगतेय? कारण ते शहर ज्या प्रांतात आहे, त्या क्यूबेक प्रांतात आजही, दर वर्षी, पाणी आणि थंडी मिळून काहीतरी फोडायला टपलेली असतात. आणि घराघरातली माणसं थंडी पडायच्या आत त्यांचा डाव हाणून पाडतात. ही माणसं नेमकं काय करतात, ते आज बघू या.

याच प्रांतातल्या माँट्रियल शहराच्या आसपास घरामागच्या अंगणात पोहण्याचा तलाव असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. उन्हाळा छोटासा, म्हणून तो पुरेपूर वापरून घ्यायची तिथल्या लोकांना भारी हौस. पण उन्हाळ्यातही रात्री गार पडतात आणि सकाळी तलावात पाय घातला की कळ डोक्यात जाते. म्हणून तलावाच्या कडेला एक यंत्र बसवलेलं असतं. दिसायला अगदी आपल्या एसीच्या बाहेरच्या डब्यासारखंच, मोठा पंखा असलेलं. त्याला म्हणतात हीट पंप. हा पंप तलावाचं पाणी २७-२८ अंशांपर्यंत कोमट ठेवतो.

कसा ठेवतो? आत काही पेटवलेलं नसतं. गीझरमध्ये असते तशी लाल होणारी कॉइलही नसते. मग उष्णता येते कुठून? तर बाहेरच्या हवेतून!

जरा थांबा. लेख बाजूला ठेवून घरातल्या फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावून या. गरम लागलं ना? फ्रिज आतल्या दुधाची, भाजीची उष्णता काढून स्वयंपाकघरात टाकतो. दूध गार होतं आणि फ्रिजची बाजू गरम होते. हीट पंप हेच काम करतो; फक्त तो अंगणातल्या हवेची उष्णता काढतो आणि तलावाच्या पाण्यात टाकतो. चालू असलेल्या हीट पंपाच्या पंख्यासमोर उभं राहिलं तर अंगावर चक्क गार वारा येतो. हवेने आपली उष्णता आत ठेवली आणि ती गार होऊन बाहेर पडली.

‘पण सकाळची हवा तर तलावापेक्षाही गार असते. तिच्यात कुठली आलीय उष्णता?’ शंका रास्त आहे. गंमत आहे ती आतल्या गॅसमध्ये. पाणी १०० अंशांना उकळतं. बऱ्याच हीट पंपांत आर-४१०ए नावाचा गॅस असतो, आणि तो साध्या हवेच्या दाबाला उणे ५१ अंशांनाच उकळतो. त्याच्या लेखी १५ अंशांची हवा म्हणजे चांगलीच गरम! अशा हवेने तो उकळतो, तिची उष्णता शोषून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो. गॅस दाबला की तापतो; सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, ते तुम्ही पाहिलं असेलच. हा तापलेला गॅस एका नळीच्या वेटोळ्यातून फिरतो, वेटोळ्याभोवतीच्या कोठीतून तलावाचं पाणी वाहतं आणि गॅसची उष्णता पाण्याला मिळते. गॅस थंड होऊन पुन्हा द्रव होतो, पुन्हा हवेकडे जातो, पुन्हा उकळतो. दिवसभर हीच फेरी.

हा विचार नवा नाही. थंड करणारं यंत्र वापरून इमारती गरम करता येतील, असं विल्यम थॉमसन यांनी १८५२ मध्येच मांडलं होतं. पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ ते हेच. आणि १९३८ साली स्वित्झर्लंडमधल्या झ्यूरिकच्या जुन्या नगरभवनात हीट पंप बसला. त्याने उष्णता कुठून उपसली माहितीये? शेजारून वाहणाऱ्या थंडगार लिम्मत नदीतून.

आता थोडं गणित करू. एका घरगुती तलावात ५०,००० लिटर पाणी आहे असं धरा. ते एक अंशाने तापवायला साधारण ५८ युनिट ऊर्जा लागते. गीझरसारखी कॉइल वापरली तर सगळीच्या सगळी विजेतून घ्यावी लागेल. चांगल्या हवेत हीट पंप एका युनिट विजेत पाच युनिट उष्णता देतो, म्हणजे साधारण १२ युनिट विजेत काम होतं. उरलेली ४६ युनिटं हवेने फुकट दिली! मला विचाराल तर घरात वापरायच्या यंत्रांमध्ये याच्याइतकं हुशार यंत्र क्वचितच असेल.

आणि आता सप्टेंबर येतो. मेपलची पानं लाल व्हायला लागतात. हवा दहा अंशांच्या खाली उतरली की साध्या हीट पंपाची दमछाक होते, त्याच्या पातळ पट्ट्यांवर हिमकण धरायला लागतात. तसंही अशा थंडीत पोहणार कोण? तलाव बंद करायची वेळ होते. पुढे जानेवारीत पारा उणे २० च्याही खाली जाणार असतो.

आता नीट लक्ष द्या. थंडीचं गॅसला काहीच वाटत नाही. कॉम्प्रेसर, पंखा, बाहेरचा पत्रा, हे सगळं बर्फात उभं राहू शकतं. धोका असतो तो कोठीत मागे राहिलेल्या लिटर-दोन लिटर पाण्याचा.

जवळपास सगळे पदार्थ गोठताना आक्रसतात. पाणी मात्र फुगतं, साधारण ९ टक्क्यांनी. म्हणजे ११ वाट्या पाण्याचा १२ वाट्यांइतका बर्फ होतो. असं का? शाळेच्या मैदानावर शंभर मुलं घोळका करून उभी असली तर थोड्या जागेत मावतात. त्यांना सांगितलं, की हात लांब पसरा, एकमेकांचे हात धरा आणि सहा-सहा जणांची रिंगणं करा, तर तीच शंभर मुलं किती तरी जास्त जागा अडवतील, कारण प्रत्येक रिंगणाच्या मधे मोकळी जागा राहते. पाण्याचे रेणू गोठताना हेच करतात. द्रव असताना ते घोळक्यात एकमेकांना खेटून हिंडतात. गोठले की शिस्तीत सहा-सहांची कडी धरतात आणि मधे पोकळी राहते. शिवाय एकदा हात धरला की ते सहजी सोडत नाहीत. चहूबाजूंनी बंद जागेत कोंडलेलं पाणी थंड होत होत उणे २२ अंशांपर्यंत गेलं, तर त्याचा दाब हवेच्या दाबाच्या दोन हजार पटींवर पोचू शकतो. विल्यम्स यांचे गोळे का तडकले ते कळलं ना?

आता हीट पंपाच्या पोटात डोकवा. गॅसच्या वेटोळ्याची नळी टायटॅनियमची असते. तलावाच्या पाण्यात क्लोरीन असतं, काही तलावांत मीठही. त्याने तांबं हळूहळू खाल्लं जातं, टायटॅनियमला ते शिवत नाही. पण उष्णता पटकन पलीकडे जावी म्हणून ही नळी पातळ ठेवावी लागते, आणि बाहेरची कोठी असते प्लॅस्टिकची. आत दोन लिटर पाणी राहिलं तर गोठताना त्याला आणखी जवळजवळ १८० मिलिलिटर जागा हवी असते. ती जागा ते मिळवतंच! एक तर कोठीला तडा जातो, नाहीतर नळी चेपते, फाटते.

नळी फाटली तर मोठीच पंचाईत. गॅस उडून जातो आणि हिवाळाभर कुणाला पत्ताही लागत नाही. वसंतात पाणी चालू केलं की ते फाटलेल्या जागेतून गॅसच्या वाटेत शिरतं आणि थेट कॉम्प्रेसरपर्यंत पोचतं. पाणी शिरलेला कॉम्प्रेसर म्हणजे यंत्राचा जीवच गेला. गोठून फुटलेलं यंत्र कंपन्या सहसा हमीमध्ये धरत नाहीत. ‘पाणी काढा’ असं पुस्तिकेत ठळक लिहिलेलं असतं ना!

तेव्हा सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, एखाद्या कोरड्या दिवशी, माणसं पाना घेऊन अंगणात येतात. आधी घरातल्या बोर्डावरून हीट पंपाची वीज तोडतात. नुसतं यंत्रावरचं बटण बंद करून भागत नाही. तलावाचं पाणी फिरवणारा पंपही थांबवतात. मग हीट पंपाला जिथे दोन पाइप जोडलेले असतात, पाणी आत जाण्याचा आणि बाहेर येण्याचा, तिथले मोठे प्लॅस्टिकचे नट हाताने सोडवतात. पहिले दोन आटे सुटले की सूं... करून हवा आत शिरल्याचा आवाज येतो आणि पाणी भळाभळा बुटांवर सांडतं. आतली काळी रबरी चकती अलगद काढून, पुसून, पिशवीत ठेवतात. ती हरवली की वसंतात सगळी शोधाशोध.

पाणी वाहायचं थांबलं म्हणजे संपलं असं समजायचं नाही. वेटोळ्याच्या खालच्या भागात ते साचून राहतं. काही यंत्रांना तळाशी एक छोटं बूच असतं, ते काढतात. मग एका तोंडाला व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप उलटा लावून हवा फुंकतात. दुसऱ्या तोंडातून आधी पिचकारी, मग थुंकीसारखे थेंब, मग नुसता दमट वारा. काही यंत्रांत पाण्याचा दाब ओळखणारा एक स्विच असतो. त्याची नळी पेन्सिलीपेक्षा बारीक असते, आणि तिच्यातही पाणी अडकून बसतं. जाणकार माणूस तिच्याकडे हमखास बघतो.

शेवटी दोन्ही तोंडांवर सैलसर झाकणं बसवतात, म्हणजे पानं आणि उंदीर आत जाणार नाहीत. हो, उंदीर! थंडीत त्यांना असा कोरडा, वाऱ्यापासून सुरक्षित डबा फार आवडतो. ते आत घरटं करतात आणि वायरी कुरतडतात. म्हणूनच अख्ख्या यंत्राला प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळणं चुकीचं. आत दमटपणा कोंडतो, धातू गंजतो आणि उंदरांना आयतं उबदार घर मिळतं. वरून झाकण, बाजूंनी वारा खेळता, हे उत्तम. आणि छपरावरून बर्फाचे ढीग घसरतात त्या वळचणीखाली यंत्र असेल तर त्यावर भक्कम फळी हवीच.

आता एक प्रश्न. शेवटचा थेंब न् थेंब काढावा लागतो का? नाही. थोडा ओलावा राहिला तरी चालतो, कारण दोन्ही तोंडं मोकळी आहेत आणि आत हवा आहे. बर्फाला फुगायला मोकळी जागा मिळाली की तो कुणाच्या वाटेला जात नाही.

पाइप कसे फुटतात, तेही यावरूनच समजतं. आपल्याला वाटतं की जिथे बर्फ झाला तिथेच पाइप फुटणार. पुष्कळदा तसं होत नाही! पाइपच्या मधे कुठेतरी बर्फाचं बूच तयार होतं. त्या बुचाच्या आणि बंद नळाच्या मधे पाणी कोंडतं. बर्फ वाढत जातो, कोंडलेल्या पाण्याला दाबत जातो, आणि पाइप फुटतो तो बर्फापासून दूर, जिथे अजून पाणीच आहे तिथे. श्रीनगरला २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’ नावाची सगळ्यांत कडक थंडी असते. तेव्हा तिथले नळही असेच गोठतात. थंड मुलखांत कडाक्याच्या रात्री लोक नळ किंचित उघडा ठेवतात, त्याचं कारण हेच. पाणी थोडं थोडं ठिबकत राहिलं की दाब साचत नाही.

तलावाच्या इतर पाइपांतलं पाणीही हवेने फुंकून काढतात. जिथे पाणी पूर्ण निघत नाही तिथे गुलाबी रंगाचा, न गोठणारा द्रव ओततात. तो प्रोपिलीन ग्लायकॉलचा असतो. मोटारीच्या इंजिनात घालतात तो बहुतेक वेळा वेगळा, एथिलीन ग्लायकॉलचा, आणि तो भयंकर विषारी. चवीला गोडसर असल्यामुळे कुत्री-मांजरं तो चाटतात आणि मरतात. तो तलावात कधीही घालायचा नाही.

आणि खुद्द तलाव? सगळं पाणी काढून तो रिकामा करत असतील, असं तुम्हाला वाटलं ना? तसं मुळीच करत नाहीत! पाणी फक्त थोडं खाली उतरवतात. तलाव पूर्ण रिकामा केला तर जमिनीतलं पाणी खालून रेटा देतं आणि अख्खा तलाव जमिनीतून वर उचलला जाऊ शकतो. भरलेल्या तलावात गोठणारं पाणी मात्र फारसा त्रास देत नाही, कारण वरची बाजू उघडी आहे. पाणी वरच्या पानं-कचरा गोळा करणाऱ्या खाचेपर्यंत चढण्याची भीती असेल, तर तिथे एक रिकामी, झाकण लावलेली प्लॅस्टिकची बाटली खोचून ठेवतात. बर्फ फुगला की बाटली चेपते आणि भिंत वाचते. मला या सगळ्या खटाटोपातली ही रिकामी बाटली सगळ्यांत आवडते.

भरलेला तलाव तळापर्यंत का गोठत नाही, हेही नवल आहे. पाणी सगळ्यांत जड असतं ते चार अंशांना. गार होत होत चार अंशांवर आलेलं पाणी तळाशी जातं. त्याहून गार पाणी हलकं होतं, ते वरच राहतं आणि वरच गोठतं. बर्फ आणखी हलका, तो तरंगतो आणि खालच्या पाण्यावर पांघरूण घालतो. कॅनडातल्या हजारो सरोवरांत बर्फाखाली मासे हिवाळा काढतात ते यामुळेच. म्हणजे गोठताना फुगायची जी खोड हीट पंप फोडते, तीच माशांना जगवते! पाण्याने इतर पदार्थांसारखं आक्रसायचं ठरवलं असतं, तर बर्फ तळाशी बुडाला असता आणि सरोवरं खालून वर गोठत आली असती.

कुणी म्हणेल, एवढी खटपट कशाला? पाणी फिरतं ठेवलं तर ते गोठणार नाही. खरं आहे, वाहतं पाणी सहजी गोठत नाही. पण पंप विजेवर चालतो. १९९८ च्या जानेवारीत क्यूबेकमध्ये कित्येक दिवस गोठणारा पाऊस पडला. पावसाचा थेंब तारेला लागला की तिथेच बर्फ होऊन चिकटायचा. त्या वजनाने विजेचे मोठमोठे मनोरे वाकून कोसळले, लाखो घरांची वीज गेली, काही घरांत तर महिनाभर ती आली नाही. अशा वेळी ज्याच्या पाइपात पाणी होतं, त्याच्यापुढे करण्यासारखं काय उरलं असेल?

वसंतात सगळं उलट्या क्रमाने करायचं. झाकणं काढायची, रबरी चकत्यांना वंगण लावून त्या जागी बसवायच्या, नट हातानेच आवळायचे, आधी पाणी फिरू द्यायचं, हवेचे बुडबुडे निघून जाऊ द्यायचे आणि मगच हीट पंपाची वीज जोडायची.

आपल्याकडे अंगणात हीट पंप नसला तरी फ्रीझर आहे. प्लॅस्टिकची एक सरळ उभट बाटली घ्या. तिच्यात मोजून २२० मिलिलिटर पाणी घाला, पातळीवर पेनाने रेघ मारा, झाकण उघडं ठेवा आणि बाटली रात्रभर फ्रीझरमध्ये उभी ठेवा. सकाळी बर्फ रेघेच्या किती वर आलाय ते पट्टीने मोजा. मग बर्फ वितळू द्या आणि पाणी पुन्हा रेघेवर येतं का ते बघा. बाटली काचेची अजिबात घेऊ नका. का, ते घरात कुणी विचारलं तर तुम्हीच समजावून सांगा.